नोकरीतील अपंगत्व आणि ‘वाजवी सोय’ : अमेरिकी कायदा काय देतो, न्यायालयात काय टिकते

विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक येथील वॉलमार्टच्या दुकानात डाउन सिंड्रोम असलेली एक महिला पंधरा वर्षांहून अधिक काळ काम करीत होती. दुपारी बारा ते चार ही तिची ठरलेली वेळ होती. २०१४ च्या अखेरीस दुकानाने कामाच्या वेळा संगणकाद्वारे ठरवण्यास सुरुवात केली आणि तिची वेळ दुपारी एक ते साडेपाच अशी झाली. ठरलेला दिनक्रम मोडला की तिला नव्या वेळेशी जुळवून घेणे अतिशय अवघड जाई. तिने जुनी वेळ परत मागितली. ती मिळाली नाही. गैरहजेरी आणि वेळ न पाळणे ही कारणे देऊन २०१५ च्या जुलै महिन्यात तिला कामावरून काढण्यात आले. सहा वर्षांनंतर, जुलै २०२१ मध्ये, संघीय न्यायालयातील ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. दीड लाख डॉलर नुकसानभरपाई आणि साडेबारा कोटी डॉलर दंडात्मक भरपाई असा तो कौल होता. कायद्यातील कमाल मर्यादेमुळे न्यायालयाला ही रक्कम तीन लाख डॉलरपर्यंत खाली आणावी लागली.

अमेरिकेतील नोकरी आणि अपंगत्व यांविषयीच्या कायद्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा दोन्ही या एका खटल्यात दिसतात. मागितलेली सोय साधी होती आणि ती पूर्वी वर्षानुवर्षे दिलीही गेली होती. वाद झाला तो ती मागितल्यानंतर मालकाने काय केले यावरून. अशा दाव्यांचे निकाल वाचत गेल्यास हेच पुन्हा पुन्हा आढळते. आजार किती गंभीर होता यापेक्षा सोय कोणी, केव्हा, कशी मागितली आणि समोरच्याने काय उत्तर दिले, यावर निकाल अधिक वेळा फिरतो. भारतातून आलेल्या व्यावसायिकांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. आजारपण कार्यालयात कळू न देण्याची सवय आणि व्हिसा नोकरीला बांधलेला असल्याची धास्ती, या दोन्हींमुळे ही मागणी लांबणीवर पडते.

कायद्याची वाटचाल

या क्षेत्रातील मुख्य कायदा म्हणजे ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’, संक्षेपाने एडीए. त्यापूर्वी १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने संघीय निधी घेणाऱ्या संस्थांना भेदभावाची मनाई केली होती. परंतु त्याची नियमावली अनेक वर्षे रखडली. ती लागू व्हावी म्हणून १९७७ च्या एप्रिलमध्ये अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील संघीय इमारतीत जवळजवळ चार आठवडे ठिय्या दिला. ज्यूडिथ ह्यूमन या त्या आंदोलनाच्या प्रमुख नेत्यांपैकी एक होत्या. पुढे १२ मार्च १९९० रोजी अनेक आंदोलक आपल्या चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून वॉशिंग्टनमधील कॅपिटॉलच्या पायऱ्या सरपटत चढले. त्याच वर्षी २६ जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी एडीएवर स्वाक्षरी केली.

या कायद्याचा पहिला भाग नोकरीविषयी आहे. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना, तसेच राज्य व स्थानिक शासनांना तो लागू होतो. संघीय कर्मचाऱ्यांसाठी पुनर्वसन कायद्याच्या तरतुदी आहेत. अंमलबजावणी ‘इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन’, म्हणजे ईईओसी, या संघीय आयोगाकडे असते. २०२१ च्या आर्थिक वर्षात आयोगाकडे ६१,३३१ तक्रारी आल्या. त्यांपैकी २२,८४३ तक्रारींत, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक तक्रारींत, अपंगत्वावरून भेदभाव झाल्याचा आरोप होता.

अपंगत्व कशाला म्हणायचे?

कायद्याच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक दावे या प्रश्नावरच अडकत. १९९९ मध्ये ‘सटन विरुद्ध युनायटेड एअरलाइन्स’ या खटल्यात वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या दोन जुळ्या बहिणींना तीव्र लघुदृष्टिदोष होता. चष्म्याने तो दूर होत असल्यामुळे त्या अपंग ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्याचा अर्थ असा निघाला की औषधाने आटोक्यात असलेला मधुमेह किंवा अपस्मार असलेल्यालाही कायद्याचे संरक्षण मिळणार नाही. आजारामुळे नोकरी गेली तरी दावा करण्याइतके अपंगत्व नाही, अशी विचित्र अवस्था झाली. २००२ मध्ये टोयोटाच्या कारखान्यातील मनगटाच्या विकाराच्या खटल्याने ही व्याख्या आणखी आवळली.

अमेरिकी काँग्रेसने २००८ चा सुधारणा कायदा करून हे दोन्ही निर्णय निष्प्रभ केले. १ जानेवारी २००९ पासून लागू झालेल्या या सुधारणेचे सार असे. औषधे, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव यांमुळे झालेली सुधारणा विचारात घ्यायची नाही. अपवाद फक्त साध्या चष्म्याचा व कॉन्टॅक्ट लेन्सचा. अधूनमधून उसळणारा किंवा सध्या शमलेला आजार सक्रिय असताना जितका अडथळा आणतो, तितका तो धरायचा. चालणे, पाहणे, ऐकणे यांबरोबरच रोगप्रतिकार, पचन, मेंदू, अंतःस्रावी ग्रंथी यांची कार्येही ‘जीवनातील प्रमुख क्रियां’त मोडतात. आयोगाच्या २०११ च्या नियमावलीनुसार मधुमेह, अपस्मार, कर्करोग, एचआयव्ही, तीव्र नैराश्य, बायपोलर विकार यांना जवळजवळ सर्व प्रकरणांत अपंगत्व मानले जाईल.

दक्षिण आशियाई कुटुंबांत मधुमेहाचे प्रमाण पाहता ही सुधारणा अनेक मराठी घरांशी थेट संबंधित आहे. इन्सुलिन घेणारा प्रोग्रॅमर स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाही, पण कायद्याच्या दृष्टीने तो संरक्षित आहे. रक्तातील साखर तपासण्यासाठी अथवा काही खाण्यासाठी ठरावीक विश्रांती मागण्याचा त्याला अधिकार आहे.

वाजवी सोय म्हणजे काय?

एडीए केवळ भेदभाव करू नका असे सांगून थांबत नाही. पात्र कर्मचाऱ्याला ‘रिझनेबल अ‍ॅकॉमोडेशन’, म्हणजे वाजवी सोय, देणे हे मालकाचे कर्तव्य ठरवतो आणि ती नाकारणे हाच भेदभाव मानतो. पात्र म्हणजे पदाची मूलभूत कामे सोयीसह किंवा सोयीशिवाय करू शकणारा. कामाच्या वेळांत बदल, स्क्रीन वाचणारी प्रणाली, सांकेतिक भाषेचा दुभाषी, उंची बदलता येणारे टेबल, उपचारांसाठी रजा, किरकोळ कामांची अदलाबदल, घरून काम आणि शेवटचा पर्याय म्हणून रिक्त पदावर बदली, ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत.

मालकाला काय करावे लागत नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. पदाचे मूलभूत काम काढून टाकणे, उत्पादनाचे किंवा गुणवत्तेचे निकष खाली आणणे, नवे पद निर्माण करणे त्याच्यावर बंधनकारक नाही. चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या वैयक्तिक वस्तू पुरवाव्या लागत नाहीत. अनेक परिणामकारक पर्यायांपैकी कोणता द्यायचा हे मालक ठरवू शकतो. कर्मचाऱ्याच्या पसंतीचाच पर्याय मिळेल असे नाही. सोयीमुळे ‘अवाजवी बोजा’ पडतो, म्हणजे आस्थापनेच्या एकूण साधनसंपत्तीच्या तुलनेत लक्षणीय अडचण किंवा खर्च होतो, असे सिद्ध केल्यास ती नाकारता येते. मोठ्या कंपनीला खर्चाचे कारण क्वचितच पुढे करता येते. मुळात खर्चही फारसा नसतो. मालक व कर्मचारी दोघांनाही विनामूल्य सल्ला देणाऱ्या ‘जॉब अ‍ॅकॉमोडेशन नेटवर्क’च्या पाहण्यांत जवळपास निम्म्या सोयींना काहीच खर्च आला नसल्याचे मालक सांगतात.

मागणी आणि संवाद

सोय मागण्यासाठी ठरावीक शब्द लागत नाहीत. ‘अपंगत्व’ किंवा ‘एडीए’ यांचा उल्लेख करावा लागत नाही. ‘उपचारांमुळे सकाळी नऊला पोहोचणे मला अवघड जाते’ एवढे वाक्यही पुरेसे ठरू शकते. मात्र त्यातून वैद्यकीय कारण आणि कामातील बदल यांचा संबंध समजला पाहिजे. मागणी कुटुंबीय, मित्र किंवा डॉक्टरही करू शकतात. कायद्याने ती लेखीच हवी असे नाही. परंतु पुढे वाद झाल्यास तोंडी बोलण्याचा पुरावा उरत नाही, म्हणून संभाषणानंतर त्याच दिवशी त्याचा सारांश ई-मेलने पाठवून ठेवणे शहाणपणाचे असते.

मागणी आल्यानंतर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे चर्चा करणे अपेक्षित असते. कायद्याच्या परिभाषेत त्याला ‘इंटरॅक्टिव्ह प्रोसेस’ म्हणतात. अपंगत्व उघड दिसणारे नसेल तर मालक डॉक्टरांचे पत्र मागू शकतो. त्या पत्रात आजाराचा सगळा इतिहास नको. कामात कोणता अडथळा येतो आणि मागितलेल्या सोयीने तो कसा दूर होतो, एवढेच पुरेसे असते. ही माहिती गोपनीय असून ती सेवापुस्तिकेपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे बंधनकारक आहे. नोकरीचा प्रस्ताव देण्यापूर्वी आजाराविषयी प्रश्न विचारण्यास मनाई आहे.

संवाद तुटला की न्यायालये तो कोणामुळे तुटला हे पाहतात. याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. पेनसिल्व्हेनियातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कार्यालयात सुमारे दोन दशके काम केलेल्या सचिव महिलेला बायपोलर विकाराचा तीव्र झटका आला. तिच्या मुलाने शाळेला आजाराची कल्पना दिली आणि ती परतल्यावर काही सोयी लागतील असे सांगितले. शाळेने चर्चा केली नाही. उलट परतल्यानंतर तिच्या चुकांची नोंद ठेवली गेली आणि अखेर तिला काढण्यात आले. १९९९ मध्ये ‘टेलर विरुद्ध फिनिक्सव्हिल स्कूल डिस्ट्रिक्ट’ या निर्णयात तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तिचा दावा पुन्हा जिवंत केला. संवादात सहभागी न होणाऱ्या मालकाला ‘कोणती सोय हवी ते तिने नेमके सांगितले नाही’ असा बचाव घेता येणार नाही, हा त्याचा गाभा आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन्ही राज्ये याच न्यायालयाच्या कक्षेत येतात.

दुसरे उदाहरण १९९६ मधील ‘बेक विरुद्ध युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन’ हे. नैराश्य आणि संधिवात असलेल्या कर्मचारी महिलेकडे विद्यापीठाने नेमक्या गरजांची वैद्यकीय माहिती मागितली. ती पुरेशी मिळाली नाही. सातव्या सर्किटने तिच्याविरुद्ध निकाल देताना म्हटले की आवश्यक माहिती ज्याच्याकडे होती आणि ज्याने ती दिली नाही, त्याच्यावर संवाद तुटल्याची जबाबदारी येते. मनुष्यबळ विभागाच्या पत्राला उत्तर न देणे आणि फॉर्म अर्धवट ठेवणे यांची किंमत दाव्यात मोजावी लागते, ती अशी.

वेळेचेही तसेच आहे. आयोगाच्या भूमिकेनुसार सोय ही भविष्यासाठी असते; आधी झालेली गैरवर्तणूक किंवा कामातील कसूर माफ करण्याचे बंधन मालकावर नाही. वार्षिक मूल्यमापन वाईट आल्यानंतर, किंवा कामगिरी सुधारण्याची नोटीस हाती पडल्यानंतर आजार सांगितला तर पुढील काळासाठी सोय मागता येते, मागील नोंद मात्र पुसली जात नाही. काम घसरू लागल्याचे प्रथम लक्षात येते, तीच मागणीची योग्य वेळ होय.

घरून काम, रजा आणि बदली : न्यायालयांचा कल

घरून काम हा सध्याचा सर्वांत वादाचा विषय आहे. २००१ मध्ये नवव्या सर्किटने ‘हम्फ्री विरुद्ध मेमोरियल हॉस्पिटल्स असोसिएशन’ या खटल्यात वैद्यकीय नोंदी टंकलिखित करणाऱ्या कर्मचारी महिलेच्या बाजूने कौल दिला. तिला ‘ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर’ होता. आधी दिलेली सोय निष्फळ ठरल्यावर दुसरी शोधण्याचे कर्तव्य संपत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. याउलट २०१५ मध्ये सहाव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने आठ विरुद्ध पाच अशा मतांनी फोर्ड कंपनीचा पक्ष उचलून धरला. आतड्याच्या विकाराने त्रस्त असलेल्या खरेदी विभागातील कर्मचारी महिलेने आठवड्यातून चार दिवसांपर्यंत घरून काम मागितले होते. पुरवठादारांशी समोरासमोर व्यवहार करावा लागणाऱ्या त्या पदासाठी नियमित उपस्थिती हेच मूलभूत काम आहे, असे बहुमताने ठरवले.

करोनाकाळानंतर हा युक्तिवाद पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. फुप्फुसाचा विकार असलेल्या जॉर्जियातील एका सुरक्षा व्यवस्थापक महिलेला आठवड्यातून दोन दिवस घरून काम नाकारल्याबद्दल आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयएसएस फॅसिलिटी सर्व्हिसेस’विरुद्ध दावा दाखल केला. तो पुढे ४७,५०० डॉलरच्या तडजोडीत मिटला. तथापि, महासाथीत तात्पुरते घरून काम करू दिले म्हणून कार्यालयातील उपस्थिती आपोआप अनावश्यक ठरत नाही. पदाच्या वर्णनात काय लिहिले आहे, सहकारी प्रत्यक्षात काय करतात आणि घरून केलेल्या कामाचा दर्जा कसा होता, हे तपासले जाते.

रजेबाबत ‘फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट’खाली मोठ्या आस्थापनांतील पात्र कर्मचाऱ्याला वर्षात बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. ती संपल्यानंतर आणखी रजा ही वाजवी सोय ठरते का, यावर न्यायालयांत मतभेद आहेत. २०१७ मध्ये सातव्या सर्किटने ‘सेव्हरसन विरुद्ध हार्टलँड वुडक्राफ्ट’ निर्णयात अनेक महिन्यांची रजा ही सोय नव्हेच, असे म्हटले. आयोग आणि इतर अनेक न्यायालये प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासावे या मताची आहेत. प्रकरण न तपासता सरसकट नियम लावणे मात्र मालकांना महागात पडले आहे. अपंगत्वामुळे झालेल्या गैरहजेरीसाठीही शिस्तभंगाची कारवाई केल्याच्या आरोपावरून व्हेरायझनने २०११ मध्ये दोन कोटी डॉलर, तर ताठर रजाधोरणावरून यूपीएसने २०१७ मध्ये वीस लाख डॉलर देऊन तडजोड केली.

बदलीच्या बाबतीत २००२ चा ‘यूएस एअरवेज विरुद्ध बार्नेट’ हा निर्णय मार्गदर्शक आहे. पाठीला दुखापत झालेल्या माल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला टपाल विभागातील हलके काम मिळाले होते. ज्येष्ठतेच्या नियमाने ते दुसऱ्याकडे जाणार होते. सर्वसाधारणपणे ज्येष्ठतेचा नियम मोडणे वाजवी ठरत नाही, मात्र विशेष परिस्थिती दाखवण्याची संधी कर्मचाऱ्याला असावी, असा मध्यममार्ग न्यायालयाने काढला.

व्हिसाधारक आणि कंत्राटी कर्मचारी

एडीएचे संरक्षण अमेरिकेत काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. नागरिकत्व किंवा व्हिसाचा प्रकार पाहिला जात नाही. तरीही एच-१बीवर असलेल्या कर्मचाऱ्याला नोकरी गेल्यास नवी सोय करण्यासाठी साधारणपणे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया मालकाच्या हाती असते. सोय मागण्यातील खरी अडचण इथे आहे. त्यामुळे सोयीचा अर्ज करताना काही बाबी एकत्रितपणे पाहाव्या लागतात.

पहिली बाब जागेची. घरून काम करण्याची सोय त्याच महानगर परिसरात असेल तर सहसा व्हिसाच्या अर्जात दुरुस्ती लागत नाही. कामगार विभागाच्या नियमांनुसार सूचना लावणे मात्र आवश्यक ठरते. घर त्या परिसराबाहेर, उदाहरणार्थ दुसऱ्या राज्यात असेल, तर स्थलांतर करण्यापूर्वी मालकाने सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. ‘सिमियो सोल्युशन्स’ या २०१५ च्या प्रशासकीय निर्णयाने हे पक्के केले. दुसरी बाब तासांची. पूर्णवेळ पदावरून अर्धवेळ पदावर कायम जाणे हा अटींतील महत्त्वाचा बदल असून त्यासाठीही सुधारित अर्ज लागतो. तिसरी रजेची. आजारपणामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून घेतलेल्या रजेच्या काळात वेतन देण्याचे बंधन मालकावर व्हिसाच्या नियमांनुसार नसते आणि नोकरीचे नाते कायम असेल तर केवळ अशा रजेने एच-१बी दर्जा भंग पावत नाही. मात्र रजा मंजूर झाल्याची लेखी नोंद जवळ असणे आवश्यक आहे. या तिन्ही बाबतींत रोजगार कायद्याचा आणि इमिग्रेशनचा असे दोन्ही वकील एकमेकांशी बोलले पाहिजेत. एकाने सुचवलेली सोय दुसऱ्या कायद्यात अडचण निर्माण करू शकते.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेकजण पगार एका कंपनीकडून घेतात आणि बसतात दुसऱ्या कंपनीच्या कार्यालयात. अशा वेळी ‘ती जबाबदारी क्लायंटची’ आणि ‘ती जबाबदारी तुमच्या कंपनीची’ अशी टोलवाटोलवी होते. कर्मचाऱ्यावर दोघांचेही नियंत्रण असेल तर सोय देण्याचे कर्तव्य दोघांवरही येते, असे आयोगाने डिसेंबर २००० मध्येच मार्गदर्शनपर पत्रकात स्पष्ट केले आहे. त्यामुळे मागणी दोन्हीकडे लेखी पोहोचली पाहिजे.

सोय मागितल्याबद्दल सूडाची कारवाई करणे हा स्वतंत्र गुन्हा नसला तरी स्वतंत्र दाव्याचे कारण आहे. सोय नाकारणे योग्य होते असे ठरले, तरी ती मागणाऱ्याला त्या कारणाने त्रास देणे बेकायदेशीरच राहते. २०२१ मध्ये आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी ५६ टक्के तक्रारींत सूडाच्या कारवाईचा आरोप होता.

तक्रार, मुदत आणि भरपाई

एडीएखाली थेट न्यायालयात जाता येत नाही. प्रथम आयोगाकडे तक्रार करावी लागते. त्यासाठी घटनेपासून १८० दिवसांची मुदत असते. राज्यात समकक्ष कायदा व यंत्रणा असल्यास ती ३०० दिवसांची होते. संघीय कर्मचाऱ्यांना आपल्या खात्यातील समुपदेशकाशी ४५ दिवसांत संपर्क साधावा लागतो. कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीत प्रकरण सुरू असले तरी ही मुदत थांबत नाही. अंतर्गत उत्तराची वाट पाहण्यात कित्येकांचे हक्क संपतात.

आयोग विनामूल्य मध्यस्थी सुचवू शकतो, चौकशी करतो आणि अखेरीस दावा करण्याच्या अधिकाराचे पत्र देतो. ते मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात दावा दाखल झाला पाहिजे. नोकरीच्या करारात लवादाची अट असल्यास कर्मचाऱ्याचा स्वतःचा दावा सहसा लवादाकडे जातो. परंतु आयोगाला मात्र ती अट बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘ईईओसी विरुद्ध वॉफल हाउस’ या निर्णयात सांगितले.

भावनिक त्रास आदींची भरपाई आणि दंडात्मक भरपाई यांच्या बेरजेवर १९९१ च्या नागरी हक्क कायद्याने मर्यादा घातली आहे. शंभरपर्यंत कर्मचारी असल्यास ५०,००० डॉलर, दोनशेपर्यंत एक लाख, पाचशेपर्यंत दोन लाख आणि त्याहून मोठ्या आस्थापनेसाठी तीन लाख, असे हे टप्पे आहेत. तीन दशकांतील महागाईनुसार ते बदललेले नाहीत. बुडालेला पगार, पुनर्नियुक्ती आणि वकिलांचे शुल्क या मर्यादेबाहेर असते. मालकाने सोय शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचे दाखवल्यास सोय न दिल्याबद्दलची ही भरपाई मिळत नाही, अशीही तरतूद आहे. संवादाची कागदपत्रे दोन्ही बाजूंना मोलाची का असतात, हे यावरून कळावे.

आणखी दोन निर्णय ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. अपंगत्व भत्त्यासाठी ‘काम करण्यास असमर्थ’ असे लिहून दिलेल्या व्यक्तीचा एडीए दावा आपोआप बाद होत नाही, पण त्या विसंगतीचे समाधानकारक स्पष्टीकरण द्यावे लागते, असे १९९९ च्या ‘क्लीव्हलँड’ निर्णयात म्हटले आहे. आणि जून २०२५ मध्ये ‘स्टॅनले विरुद्ध सिटी ऑफ सॅनफोर्ड’ या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तीनंतरच्या लाभांतील भेदभावासाठी, नोकरी करीत नसलेल्या आणि करू न इच्छिणाऱ्या व्यक्तीला एडीएच्या पहिल्या भागाखाली दावा करता येत नाही. पार्किन्सनमुळे निवृत्त झालेल्या अग्निशमन कर्मचारी महिलेचा तो दावा होता.

राज्यांचे कायदे आणि भारतातील स्थिती

मराठी वस्ती मोठी असलेल्या काही राज्यांत स्थानिक कायदा संघीय कायद्यापेक्षा उदार आहे. कॅलिफोर्नियात पाच कर्मचारी असलेल्या आस्थापनेलाही कायदा लागू होतो. तेथे अपंगत्वाने ‘लक्षणीय’ अडथळा आणावा अशी अट नाही. संवाद टाळणे हेच स्वतंत्र उल्लंघन मानले जाते, भरपाईला संघीय कायद्यासारखी मर्यादा नाही आणि राज्याच्या यंत्रणेकडे तक्रार करण्यास तीन वर्षे मिळतात. न्यू जर्सीचा कायदा लहान आस्थापनांनाही लागू आहे. तेथे दोन वर्षांच्या आत थेट राज्य न्यायालयात जाता येते. न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून राज्याच्या मानवाधिकार विभागाकडे तक्रारीची मुदत तीन वर्षे झाली आहे. त्यामुळे दावा संघीय कायद्याखाली करावा की राज्याच्या, हा निर्णय अनेकदा निकालाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकी कंपनीच्या पुणे किंवा मुंबई कार्यालयात बदली घेणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. परदेशातील अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या अमेरिकी नागरिकाला एडीएचे संरक्षण असते. भारतीय नागरिकाला तेथे ते मिळत नाही. त्याच्यासाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद असून वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे, तसेच खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग’ या निर्णयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, हाताला लिहिताना वळ येणाऱ्या परीक्षार्थीला लेखनिक घेण्याचा हक्क मान्य केला आणि वाजवी सोयीचे तत्त्व भारतीय कायद्यात ठामपणे रुजवले.

कर्मचाऱ्याने जपायच्या गोष्टी

पदाचे लेखी वर्णन, आतापर्यंतची मूल्यमापने, सोयीची मागणी करणारा दिनांकित ई-मेल, डॉक्टरांचे मुद्देसूद पत्र, मनुष्यबळ विभागाची उत्तरे आणि प्रत्येक बैठकीची त्याच दिवशी केलेली नोंद एवढा संग्रह बहुतेक प्रकरणांत पायाभूत ठरतो. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र स्वतःच्या ई-मेलवर पाठवू नयेत. तेच पुढे कारवाईचे निमित्त होऊ शकते. एक सोय नाकारली गेली तर दुसरी सुचवावी आणि नकाराचे कारण लेखी मागावे.

मॅनिटोवॉकच्या दुकानातील त्या महिलेला न्यायालयात न्याय मिळाला, पण तो नोकरी गेल्यानंतर सहा वर्षांनी मिळाला. तिची मागणी दुपारी बारा ते चार या जुन्या वेळेपुरतीच होती. तिच्यावर एक बैठक झाली असती तर दोन्ही बाजूंची ती सहा वर्षे वाचली असती.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक प्रकरणातील तपशील आणि राज्यागणिक कायदे भिन्न असल्याने प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी त्या राज्यातील रोजगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.)